भुदरगडच्या डोंगरवाडीत ओढ्यावरची किंवा सौर वीज स्वतः निर्माण करणे आर्थिकदृष्ट्या परवडेल का?

प्रश्न : वेदगंगाकाठ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

मी नोकरीनिमित्त कोल्हापूर शहरात राहतो. आमचे मूळ घर भुदरगड तालुक्यात, पाटगाव खोऱ्याच्या वरच्या अंगाला, बावीस उंबऱ्यांच्या एका वाडीत आहे. वाडीत खांब आहेत, मीटर आहेत, आणि उन्हाळ्यात पुरवठ्याबद्दल तक्रार करावी असे काही नाही. अडचण सुरू होते ती मृग लागल्यावर. लाईन जंगलातून येते. एखादी फांदी तारेवर पडली की बिचाऱ्या वायरमनला चिखल तुडवत, पावसात भिजत ती जागा शोधत फिरावे लागते, आणि झड लागलेली असेल तर दुरुस्तीला चार-चार दिवस जातात. गेल्या आषाढात सलग सहा दिवस वीज नव्हती. नळपाणी योजनेचा तीन अश्वशक्तीचा पंप बंद पडल्यामुळे बायका ओढ्याचे गढूळ पाणी आणून, तुरटी फिरवून, फडक्याने दोनदा गाळून वापरत होत्या. आईने निवळायला ठेवलेल्या कळशीच्या तळाशी बोटभर लाल गाळ बसलेला मी पाहिला, आणि तेव्हापासून हा विषय माझ्या मनातून जात नाही.

वाडीच्या वर एक ओढा आहे. दिवाळीनंतर लगेच मी आणि चुलतभावाने त्याचे पाणी एका पन्हाळीतून वळवून २०० लिटरच्या बॅरलमध्ये सोडले, तेव्हा ते १० सेकंदांत भरले. गवंडी वापरतात त्या पाणीपातळीच्या नळीने टप्प्याटप्प्याने मोजत खाली आलो, तर उतार साधारण ३० मीटरचा निघाला. एका कारागिराने टर्बाइन, जनित्र, १८० मीटर पाइप, पाणी अडवण्याचे बांधकाम आणि बावीस घरांपर्यंतच्या तारा धरून सहा लाख रुपयांचा अंदाज दिला आहे. दुसरीकडे, घरोघरी छतावर सौर पॅनेल बसवा, अनुदान मिळते, असा सल्ला देणारेही बरेच भेटतात.

वाडीत पैसा बेताचाच आहे. भात, नाचणी, थोडा काजू, आणि डेअरीचे दर दहा दिवसांचे बिल, यावर घरे चालतात. मुंबईतील आमचे चाकरमानी काही रक्कम देतील, बाकी कर्ज काढावे लागेल. माझा प्रश्न इतकाच आहे की हा खर्च खरोखर वसूल होईल का, आणि होणार असेल तर कोणत्या मार्गाने. उत्साहाच्या भरात वाडीला कर्जात घालणारा माणूस मला व्हायचे नाही.

उत्तर १ : निवृत्त_अभियंता

आपण बॅरल आणि नळी घेऊन स्वतः मोजमाप केलेत हे वाचून आनंद झाला. बहुतेक जण पाइपाची किंमत विचारून सुरुवात करतात.

आपल्या आकड्यांवरून हिशेब असा येतो. सेकंदाला २० लिटर पाणी ३० मीटर उंचीवरून पडले तर त्यात ५.९ किलोवॅट शक्ती असते. लहान संचात त्यातली साठ टक्के हाती लागते असे धरले, तर साडेतीन किलोवॅट मिळतील. दिवसाचे चोवीस तास संच चालला तर ८४ युनिट होतात. मात्र दिवाळीनंतरचा ओढा म्हणजे वर्षभराचा ओढा नव्हे. मार्गशीर्ष-पौषात पाणी निम्म्यावर येईल आणि शिमग्यापर्यंत बहुधा केवळ डोहात उरेल. म्हणून एका मोठ्या तोटीऐवजी दोन तोट्यांचे पेल्टन चक्र (तोटीतून येणाऱ्या पाण्याच्या झोताने फिरणारे वाट्यांचे चाक) घ्यावे. पाणी घटले की एक तोटी बंद करता येते आणि उरलेल्या पाण्यावर चक्र तितक्याच चांगल्या प्रकारे फिरते. जूनच्या मध्यापासून ऑक्टोबरअखेर पूर्ण आणि नोव्हेंबर-डिसेंबरात निम्मी शक्ती धरली, तर वर्षाला साधारण १४ हजार युनिट निर्माण होऊ शकतात. त्यानंतर पुढच्या मृगापर्यंत संच झाकून ठेवायचा.

पाइपाच्या बाबतीत काटकसर करू नका. चार इंची पाइप स्वस्त दिसतो, पण एवढे पाणी १८० मीटर नेताना तीसपैकी आठ-नऊ मीटर उंची घर्षणातच खर्ची पडते. सहा इंची पाइपात हीच घट दीड मीटरच्या आत राहते. म्हणजे आज वाचवलेले पैसे पुढे दर दिवशी वीस-पंचवीस युनिटांच्या रूपाने गमवावे लागतात.

आता सौर विजेकडे वळतो. आपल्याकडे वर्षाची सरासरी काढली तर एक किलोवॅटच्या पॅनेलमागे दिवसाला चारच्या आसपास युनिट मिळतात, परंतु घाटमाथ्यावर ही सरासरी फार फसवी आहे. वैशाखात पाच मिळतात आणि आषाढात, ढग डोंगराला टेकून बसलेले असताना, कित्येक दिवस एकसुद्धा मिळत नाही. आपली गरज नेमकी तेव्हाच सर्वात मोठी असते. ओढ्याचे उलट आहे. ज्या पावसाने लाईन तुटते त्याच पावसाने ओढा भरतो. सह्याद्रीच्या या पट्ट्यात लहान जलविद्युत आणि सौर यांना एकमेकांचे स्पर्धक मानू नये. ऋतूंनीच त्यांची वाटणी करून दिलेली आहे.

छतावरील योजनेबद्दल एक गोष्ट विक्रेते बहुधा आपणहून सांगत नाहीत, म्हणून ती इथे स्पष्ट लिहितो. नेट मीटरिंगच्या, म्हणजे जास्तीची वीज लाईनवर सोडून बिलातून वजा करून घेण्याच्या, साध्या संचात बॅटरी नसते, आणि लाईन गेली की इन्व्हर्टरही आपोआप बंद होतो. तारेवर काम करणाऱ्या माणसाला उलट्या विजेचा धक्का बसू नये यासाठी ती सोय अनिवार्य आहे आणि ती योग्यच आहे. परिणामी, छतावर तीन किलोवॅटचे पॅनेल असूनही लाईन नसताना घरात अंधारच असतो. आपले दुखणे वीज जाण्याचे आहे, बिलाचे नाही. त्या दुखण्यावर हे औषध लागू पडत नाही.

याच कारणासाठी आपल्या संचाची वीज वाडीच्या सध्याच्या तारांत कदापि सोडू नका. चेंजओव्हर स्विच (एका वेळी लाईन किंवा संच यांपैकी एकच जोडणारा खटका) बसवा, किंवा त्याहून उत्तम म्हणजे बावीस घरांना तारा नेण्याचा बेतच सोडून द्या. पाण्याचा पंप, एखादी पिठाची गिरण आणि समाजमंदिरात मोबाइल व विजेरी भारित करण्याची सोय एवढ्यापुरतीच वीज न्या. खर्च पुष्कळ उतरेल. तीन अश्वशक्तीचा पंप सव्वादोन ते पावणेतीन किलोवॅट घेतो, पण सुरू होताना तो त्याच्या पाच-सहा पट प्रवाह ओढतो. साडेतीन किलोवॅटच्या जनित्राला ते झेपणार नाही, म्हणून मोटर हळूहळू गती घेईल असा व्हीएफडी लावावा लागेल. तो खर्च अंदाजपत्रकात आहे का, ते तपासा.

शेवटी देखभालीविषयी. मी एका मळ्यावर असा संच बसवला होता. पहिल्याच जोरदार पावसात रात्री दोन वाजता दिवे मंद झाले. विजेरी घेऊन वर गेलो, तोटी उघडली, तर आत जांभळाच्या पानांचा बोळा आणि त्याच्यामागे अडकलेला एक खेकडा. चूक माझीच होती. पाणी घेण्याच्या तोंडाशी मी जाळी उभी लावली होती. ती उताराला निजवून लावली की पाने पाण्याबरोबर वरून वाहून जातात. तरीही पावसाळ्यात रोज सकाळी कोणीतरी तिथे जाऊन हात फिरवला पाहिजे. तो माणूस कोण आणि त्याला महिन्याला काय देणार, हे टर्बाइन मागवण्यापूर्वी ठरवा.

उत्तर २ : पतसंस्थेचा_हिशेब

अभियंता साहेबांनी यंत्राची बाजू उत्तम मांडली आहे. मी कर्जाची बाजू मांडतो, कारण अशा प्रस्तावांचे कागद माझ्या टेबलावर वर्षानुवर्षे येत आले आहेत.

सहा लाख रुपये १० टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतले, तर हप्ता महिना सुमारे ७,९३० रुपये, म्हणजे वर्षाला ९५ हजार. देखभालीसाठी २५ हजार आणि जाळी साफ करणाऱ्याला महिना दोन हजारांप्रमाणे २४ हजार धरले, तर वर्षाचा खर्च १ लाख ४४ हजारांवर जातो. आता हा आकडा कशाने भागायचा हे महत्त्वाचे आहे. १४ हजार युनिटांनी भागला तर युनिट दहा-सव्वादहा रुपयांना पडते, आणि कोटेशन देणारे नेहमी हाच भागाकार दाखवतात. परंतु बावीस घरांचे दिवे, पंखे आणि टीव्ही मिळून दिवसाला वीस युनिटांच्या पुढे वापर जात नाही. म्हणजे सहा-साडेसहा महिन्यांत सुमारे चार हजार युनिट वापरले जातील आणि बाकीची वीज वाया जाईल. चार हजारांनी भागले की युनिट ३६ रुपयांना पडते. लहान डिझेल जनित्र एका लिटरमध्ये अडीच-तीन युनिट देते, म्हणजे डिझेल नव्वदीच्या घरात असताना त्याचे युनिटही तीस-पस्तीस रुपयांना पडते. थोडक्यात, ओढ्याचे पाणी फुकट असूनही केवळ दिव्यांसाठी बसवलेला संच डिझेलहून स्वस्त ठरत नाही.

म्हणून मी कर्जदाराला आधी विचारतो की दिवसा वीज कोण वापरणार. रात्रीच्या दिव्यांवर कोणताही लहान प्रकल्प तगत नाही.

घरावर पडणारा भारही पाहा. १ लाख ४४ हजार भागिले बावीस घरे आणि बारा महिने, म्हणजे महिना ५४५ रुपये, आणि तेही नेहमीचे वीजबिल भरून वर. पहिल्या शंभर युनिटांच्या स्वस्त दरात ज्यांचे बिल भागते, ती घरे हे पैसे दोन महिने देतील आणि तिसऱ्या महिन्यापासून थकवतील. यात त्यांची लबाडी नाही, त्यांच्या जमाखर्चात ती रक्कम बसतच नाही. चाकरमान्यांच्या वर्गणीतून साडेचार लाख उभे राहिले आणि कर्ज केवळ दीड लाखाचे काढले, तर वर्षाचा खर्च ७३ हजारांवर येतो, घरटी पावणेतीनशे रुपये. तेही मला जड वाटते, पण त्यातला काही भाग गिरणीसारख्या उद्योगातून निघत असेल तर विचार करता येईल.

छतावरील सौर योजनेचे गणित घराघरांत वेगळे आहे. पीएम सूर्यघर योजनेत पहिल्या दोन किलोवॅटपर्यंत प्रति किलोवॅट ३० हजार आणि तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठ्या संचाला जास्तीत जास्त ७८ हजार रुपये अनुदान आहे. ज्या घरात महिना अडीचशे युनिट लागतात, तिथे महागड्या टप्प्यातील युनिट वाचतात आणि पैसे चार-पाच वर्षांत फिटतात. ज्या घरात पन्नास-साठ युनिटच लागतात, तिथे वाचवायला महाग युनिटच नसते. नेट मीटरिंगची जमा आर्थिक वर्षाअखेर मिटवली जाते, त्यामुळे एप्रिल-मेमध्ये साठलेली युनिटे पावसाळ्यात कामी येतात. मात्र जानेवारी ते मार्चमधील जास्तीची वीज ३१ मार्चला कमी दराने विकली जाते. म्हणून गरजेपेक्षा मोठा संच बसवण्यात नुकसान आहे. शेतीपंपाचा विचार मनात असेल तर तोही तूर्त बाजूला ठेवा. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना एप्रिल २०२४ पासून मोफत वीज मिळते. जिथे ती जोडणी आहे तिथे स्वतःच्या खर्चाने सौरपंप बसवून वाचणार काय?

बॅटरीबद्दल दोनच वाक्ये. दिवसाला वीस युनिट साठवायची झाली, तर १५० अँपिअर-अवरच्या साध्या ट्यूब्युलर बॅटऱ्या अर्ध्यापर्यंतच उतरवायच्या हा नियम पाळून बावीस लागतात, म्हणजे घरटी एक, आणि चार-पाच वर्षांनी त्या सगळ्या बदलाव्या लागतात. त्या दिवसासाठी पहिल्या महिन्यापासून वेगळे खाते काढून पैसे बाजूला टाकले नाहीत, तर प्रकल्प पाचव्या वर्षी बंद पडतो.

उत्तर ३ : बचतगट_चंदगड

नमस्कार दादा. आमच्या बचत गटाची पिठाची गिरण आहे, तिचा अनुभव उपयोगी पडेल म्हणून लिहिते.

आमची गिरण तीन अश्वशक्तीची असून ती लाईनवरच चालते. तांदूळ, नाचणी, ज्वारी मिळून दिवसाला सरासरी ४० किलो दळण येते आणि आम्ही किलोला पाच रुपये घेतो. दोन तासांत काम होते, वीज साडेचार युनिट लागते, आणि गल्ल्यात दोनशे रुपये जमा होतात. दळणाऱ्या बाईला त्यातले निम्मे देतो. म्हणजे एका युनिटमागे गटाला बावीस-तेवीस रुपये उरतात. दिव्याच्या युनिटला एवढे पैसे कोणी देणार नाही, आणि द्यावेत असे मला वाटतही नाही. पिठाचे पैसे मात्र लोक आनंदाने देतात, कारण नाहीतर डोक्यावर दळण घेऊन दुसऱ्या गावाला जावे लागते आणि अर्ध्या दिवसाची मजुरी बुडते.

हंगाम जुळतो का, हेही बघावे. भात आणि नाचणी दिवाळीच्या आगेमागे घरात येतात आणि त्यानंतर दोन-अडीच महिने कांडप व दळण भरपूर असते. तेव्हा तुमच्या ओढ्याला थोडेफार पाणी असेल. काजूचे मात्र तसे नाही. काजू बी शिमग्यानंतर येते, म्हणजे ओढा आटल्यावर, आणि ती वाळवायला कडक ऊन असतेच. त्यासाठी वीज निर्माण करण्याऐवजी प्लास्टिकच्या कागदाचा सौर वाळवणी मंडप केला तर खर्चही थोडा आणि बिघडण्यासारखेही काही नाही. आमच्याकडे त्यात आमसुले आणि फणसाचे गरेही वाळवतात.

अजून एक सुचवते. ज्यांच्याकडे चार-पाच जनावरे आहेत, त्यांनी आधी गोबरगॅसचा विचार करावा. दोन घनमीटरच्या संयंत्राला रोज पन्नास किलो शेण लागते आणि त्यातून जवळपास पाऊण ते एक किलो सिलिंडरच्या गॅसइतके इंधन मिळते. म्हणजे पंधरा-वीस दिवसांत एक सिलिंडर वाचतो. थंडीत गॅस कमी येतो हे खरे आहे. पण डोंगरातल्या घराला पैशाच्या दृष्टीने सर्वात लवकर परवडणारी अपारंपरिक ऊर्जा माझ्या पाहण्यात हीच आहे, आणि तिच्या स्लरीने शेतही सुधारते.

उत्तर ४ : निवृत्त_अभियंता

ताईंनी लिहिलेला युनिटमागचा हिशेब प्रत्येक ग्रामसभेत वाचून दाखवावा असा आहे.

दोन ठिकाणांची आठवण देतो. जुन्नर तालुक्यातील दरेवाडीत २०१२ पासून ९.४ किलोवॅटचा सामायिक सौर प्रकल्प आहे. तिथे यंत्रणा देणगीतून उभी राहिली, पण घरोघरी मीटर बसवून गावकऱ्यांच्या न्यासाने पैसे गोळा करायचे, अशी पद्धत सुरुवातीपासून घालून दिली गेली. नेपाळमध्ये डोंगराळ भागात लहान जलविद्युत संच मोठ्या संख्येने आहेत. तिथे राष्ट्रीय वीजवाहिनी गावात पोहोचली की लोक तिकडे वळतात आणि गावचा संच पडून राहतो, हा प्रश्न फार गंभीर झाला. नुवाकोट जिल्ह्यातील स्यौरेभूमीचा २३ किलोवॅटचा संच २०१८ साली राष्ट्रीय वाहिनीला जोडून त्यावर एक मार्ग काढण्यात आला. आपल्या वाडीत वाहिनी आधीच आहे, म्हणून आपला संच तिच्याशी दराची स्पर्धा करण्यासाठी नव्हे, तर तिच्या गैरहजेरीत पाणी आणि पीठ चालू ठेवण्यासाठी आहे, अशीच त्याची मांडणी करावी.

ओढ्याचा वरचा भाग वनखात्याच्या हद्दीत असेल, तर परवानगीचा विषय आधी हाती घ्या. वनहक्क कायदा, २००६ च्या कलम ३(२) मध्ये गावाच्या सोयींसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देण्याची तरतूद आहे, तीत अपारंपरिक ऊर्जा आणि पाण्याच्या वाहिन्या या दोहोंचा समावेश आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. ठराव आधी करा, खोदाई नंतर.

प्रश्नकर्ता : वेदगंगाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री वाडीतल्या वडीलधाऱ्यांशी फोनवर सविस्तर बोललो आणि घराघरांत तारा नेण्याचा बेत आम्ही सोडला. केवळ पंप, गिरण आणि समाजमंदिर एवढाच विचार करून कारागिराकडून नवे अंदाजपत्रक मागवले. व्हीएफडी आणि सहा इंची पाइप धरूनही ते तीन लाख ८० हजारांचे आले. चाकरमान्यांनी तीन लाखांची तयारी दाखवली आहे. पंपापुरता वाटा ग्रामपंचायतीला पाण्यासाठी बांधील असलेल्या निधीतून मिळतो का, हे सरपंच विचारणार आहेत. तो मिळाला तर कर्ज काढावेच लागणार नाही, आणि न मिळाल्यास ८० हजारांच्या वर आम्ही जाणार नाही.

गिरणीसाठी सहा जणींनी नावे दिली आहेत. जाळी साफ करायला आमच्या शेजारचे काका तयार आहेत. त्यांची गुरे रोज त्याच वाटेने चरायला जातात. आई म्हणाली की त्यांना दोन हजार रोख द्या, धान्यावर भागवू नका, म्हणजे कामाचा शब्द राहील.

एक विचारायचे राहिले. पौष संपेपर्यंत दर रविवारी बॅरल लावून पाणी मोजायचे ठरवले आहे. पाणी फार कमी झाल्यावर पन्हाळीच्या कडेने झिरपून जाते आणि मोजमाप चुकते. त्यावर उपाय काय?

उत्तर ५ : निवृत्त_अभियंता

ओढ्यात आडवी फळी बसवा, तिच्या मध्यभागी काटकोनी खाच कापा आणि फळीच्या बुडाला व दोन्ही कडांना चिकणमाती दाबून बसवा, म्हणजे सगळे पाणी खाचेतूनच जाईल. फळीच्या मागे दोन हात अंतरावर पट्टी उभी करून खाचेच्या खालच्या टोकापासून पाण्याची उंची मोजा. दहा सेंटिमीटर भरली तर सेकंदाला साडेचार लिटरांच्या आसपास पाणी आहे, पंधरा भरली तर बारा लिटर. दर रविवारची नोंद तारखेसह वहीत ठेवा आणि ती इथेही टाका. दुसऱ्या तोटीचा व्यास त्या आकड्यांवरूनच ठरवू.